ठसे बोटांचे, पडताळणी नावाची

चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी माझ्या भाच्याने ऑनलाइन अर्ज केला, शुल्क भरले आणि बोलावणे आल्यावर कागदपत्रांची चळत घेऊन तो पोलीस ठाण्यात गेला, तेव्हा संगणकापुढच्या हवालदारांनी मान वर न करता सांगितले, ‘तुमच्या नावावर मारामारीचा गुन्हा दिसतोय.’ गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यातला, आरोपी पन्नाशीचा आणि भाचा चोवीस वर्षांचा. जुळत होते ते फक्त नाव आणि आडनाव. हे दाखवून दिल्यावर उत्तर मिळाले, ‘मग तो तुम्ही नाही, असं त्या ठाण्याकडून लिहून आणा.’

तालुक्यागणिक शेकड्यांनी पाटील, जाधव आणि शिंदे सापडणाऱ्या राज्यात माणूस नावावरून ओळखायचा, ही कसली तपासणी? नावावर विसंबता येत नाही हे पोलिसांना ठाऊक नाही, असेही नाही. अंगुलिमुद्रा केंद्र कलकत्त्यात १८९७ मध्येच सुरू झाले, आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या इथल्याच दोन पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता (नाव मात्र लागले एडवर्ड हेन्री या साहेबाचे). आज महाराष्ट्र पोलिसांकडे ठसे, चेहरा आणि डोळ्यांवरून ओळख पटवणारी ‘अँबिस’ ही संगणक प्रणाली आहे. देशपातळीवर २०२२ पासून ‘नाफिस’ हा ठशांचा संगणकीय संग्रह आहे, ज्यात अटक झालेल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक मिळतो. एवढा खर्च करून उभारलेली यंत्रणा गुन्हेगार शोधायला चालते, मग निरपराध माणसाला मोकळे करायची वेळ आली की ती कुठे जाते? रेशनच्या दुकानातसुद्धा अंगठा टेकवला की माणसाची ओळख पटते.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे, त्यामुळे अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी द्यावे लागते. म्हणूनच अर्ज सहसा कोणी फेटाळत नाही. त्रुटी काढून तो लोंबकळत ठेवतात, आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

नाव जुळले तर पुढचे काम पोलिसांनी करावे: अर्जदाराच्या संमतीने ठसे घ्यावेत, त्या आरोपीच्या ठशांशी ताडून पाहावेत आणि लगेच नष्ट करावेत. हे शेवटचे मी मुद्दाम म्हणतो, कारण २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार पोलिसांनी घेतलेल्या ठशांच्या नोंदी ७५ वर्षे जपता येतात, आणि साध्या दाखल्यापायी कोणाचा हात त्या संग्रहात अडकू नये. एवढे जमत नसेल, तर अर्ज का अडला ते सही आणि पदनामानिशी कागदावर लिहून द्या.