स्टीनबर्गनमधली दोन थडगी

"इंग्रजांच्या फौजेत मेले, त्यांचं स्मरण आपण कशाला करायचं?" २०२२च्या जानेवारीत इंडिया गेटची अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, तेव्हा हा प्रश्न जोरात विचारला गेला. कमानीवरची नावं इंग्रजांच्या लढायांतली, असा त्यामागचा सूर. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अजून अधूनमधून उमटतो. मला तो पटत नाही, आणि नेदरलँड्समध्ये राहायला आल्यापासून तर मुळीच नाही.

इथे स्टीनबर्गन गावात कॅथलिक दफनभूमीत शेजारीशेजारी दोन शिळा आहेत. एक गाय गिब्सनची. जन्म सिमल्याचा, मे १९४३मध्ये जर्मनीची धरणं फोडणाऱ्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांचा प्रमुख, व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी. दुसरी त्याचा नॅव्हिगेटर जिम वॉरविकची. १९ सप्टेंबर १९४४च्या रात्री हल्ल्यावरून परतताना त्यांचं मॉस्किटो विमान इथे कोसळलं. गाव तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. देहांची अशी दशा झाली होती की आधी वाटलं, विमानात एकच माणूस होता. तिसरा हात सापडला तेव्हा दुसऱ्याचा पत्ता लागला. गिब्सनची ओळख पटली ती मोज्यावरच्या धोब्याच्या खुणेवरून. पुढे गावाने एका रस्त्याला गिब्सनचं नाव दिलं, आणि एकाला वॉरविकचंही. प्रसिद्ध माणसाच्या बाजूला बसून नकाशा पाहणाऱ्याला विसरले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

धरणं फुटली तेव्हा १३००हून अधिक माणसं बुडाली. त्यांत नेहाइमच्या छावणीत कामाला जुंपलेल्या सोव्हिएत बायका शेकड्यांनी होत्या. त्यांचा हिशोब मागितलाच पाहिजे. पण तो मागण्यासाठी पंचविशीतल्या वैमानिकांची थडगी पुसावी लागत नाहीत.

आता आपले यशवंत घाडगे. रायगडातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, तुकडीतली बाकीची माणसं पडली किंवा जखमी झाली, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. त्यांना थडगं नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. इटलीतल्याच मोन्तोने गावात २०२३मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभी राहिली. ज्या देशासाठी ते कधीच लढायला निघाले नव्हते, त्या देशात!

फौजेत जाणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरापुढे पोटाचा प्रश्न असतो, घराण्याची रीत असते. साम्राज्याचा जाब त्याला विचारणं अन्याय आहे. इंडिया गेटवरची नावं कोणाच्या बाजूची यावर भांडण्यापेक्षा ती कोणत्या गावांची, हे शोधायला घ्या. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची थडगी आणि नोंदी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी कोणालाही पाहता येते. त्यात पलटण, तारीख, आणि पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. साताऱ्या-रत्नागिरीतल्या एखाद्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांना एवढं काम द्यायला हरकत नाही.