तळं नवं म्हणून मासा नवा नसतो

"कॅनडातली तळी हिमयुगानंतरची. त्यातले मासेही दहा-बारा हजार वर्षांचेच, जनुकीयदृष्ट्या सगळे सारखे. म्हणून एका तळ्यातले दुसऱ्यात सोडले तरी काही बिघडत नाही." हा दावा बराच फिरतो आहे. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढचा निष्कर्ष घातक आहे.

सुमारे 21 हजार वर्षांपूर्वी कॅनडाचा बहुतेक भाग लॉरेंटाइड हिमचादरीखाली होता. तिथे मासे उरणं शक्य नव्हतं. पण ते बर्फाच्या कडेबाहेर तगले: मिसिसिपीच्या खोऱ्यात, अटलांटिककडच्या नद्यांत, अलास्का-युकॉनच्या बर्फमुक्त बेरिंजियात. हीच त्यांची आश्रयस्थानं. लेक व्हाइटफिश या थंड पाण्याच्या तळ्यांतल्या माशाच्या अशा वंशशाखांची फारकत बर्फाच्या शेवटच्या कळसाच्याही आधीची आहे, आणि मायटोकाँड्रियल डीएनएत (आईकडून येणाऱ्या डीएनएत) ती आजही दिसते.

वैविध्य कमी असल्याचं म्हणणं मात्र मान्य करायला हवं. बर्फ मागे हटला तसे मोजके मासे वितळपाण्याच्या प्रचंड तळ्यांतून उत्तरेला सरकले, त्यांतल्या मोजक्यांनी पुढची तळी गाठली, आणि दर टप्प्यावर काही जनुकरूपं (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) गळत गेली. लुई बर्नाशे आणि ख्रिस विल्सन या संशोधकांनी 1998 साली अनेक जातींची तुलना करून उत्तरेकडची ही घट दाखवली.

पण वैविध्य कमी असणं वेगळं आणि सगळे सारखे असणं वेगळं. अमेरिकेतलं मेन आणि कॅनडातलं क्वेबेक यांच्या सीमाभागातल्या काही तळ्यांत दोन आश्रयस्थानांतून आलेले व्हाइटफिश बर्फ ओसरल्यावर पुन्हा एकत्र आले. आज तिथे ठेंगणे आणि मोठे असे दोन प्रकार शेजारी नांदतात. त्यांचा संकर घडवला तेव्हा भ्रूण जास्त प्रमाणात दगावले. सारख्या माशांत असं का व्हावं?

वेगळं व्हायला दहा-बारा हजार वर्षं तोकडी म्हणणाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या पॅक्स्टन तळ्यातले स्टिकलबॅक हे छोटे काटेरी मासे पाहावेत. समुद्रातून आलेल्या पूर्वजांपासून त्या छोट्या तळ्यात तळाशी चरणारा आणि वरच्या पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारा, असे दोन प्रकार झाले.

आणि "काही बिघडत नाही"? व्हँकूव्हर बेटावरच्या एनोस तळ्यातही स्टिकलबॅकची अशीच जोडी होती. बाहेरून क्रेफिश हा छोट्या लॉब्स्टरसारखा प्राणी तिथे शिरला, त्यानंतर दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळून त्यांची सरमिसळ झाली. पॅक्स्टनचे मासे आणून ती जोडी परत मिळणार नाही, कारण जनुकीय पुराव्यांनुसार प्रत्येक तळ्यातली जोडी स्वतंत्रपणे घडलेली आहे.