मॅडम बसल्यात

साहेबांचा मेल आला रात्री साडेअकराला: यशस्वी व्हायचं असेल तर व्यायामासाठी वेळ काढा. सोबत पावलं मोजायचं ॲप आणि रोजचं दहा हजारांचं टार्गेट. हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानातल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो होता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललात तरी समाधानी असते. पण मिनिटांची चढाओढ ऑफिसच्या टीव्हीवर रंगत नसावी.

तर डबे भरून, पाण्याची मोटार लावून मी पर्वती गाठली. पायऱ्या एकशेतीन, पण ऐसपैस. एका पावलात पायरी संपत नाही, दोन टाकावीत तर दुसरं उगाच वाटतं. लय लागतच नाही. निम्म्यावर टेकले आणि फोन वाजला. पावणेसात. अमेरिकेतला क्लायंट खोळंबलाय, एकच आकडा हवाय. कान घामानं चिकट, म्हणून स्पीकर लावला. तिथंच घोळ झाला.

"धाप लागलीय! चढताय वाटतं? वा!" साहेब.

मी तोंड उघडायच्या आत शेजारचे काका फोनवर झुकले. पोटरीपर्यंत ओढलेले पांढरे मोजे, हातात मोड आलेल्या मेथ्यांची डबी.

"छे हो. बसल्यात मॅडम. मघापासून."

"आपण कोण?"

"मी रोजचा. यांना आजच बघतोय."

"पण ॲपवर तर यांची रोज आठ हजार पावलं दिसतात!"

ती ओटा ते गॅलरी, गॅलरी ते बाथरूम अशी पडलेली असतात. ॲपला कळत नाही ठीक आहे, साहेबांना कळायला काय झालं होतं? ते सांगायला मला कुणी जागाच देईना.

"ही मंडळी वर जातात कशाला?" काका एकेक मेथी चावत म्हणाले, "उतरल्यावर वडापाव खायला."

"अगदी बरोबर!"

"तुमचं वजन किती हो साहेब?"

साहेबांनी सांगितलं! ग्रॅमसकट. तिकडे क्लायंट ताटकळतोय आणि इकडे हे दोघं माझ्या फोनवर, माझ्या बॅटरीवर, रात्री भात खावा की नाही यावर बोलतायत.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थान सांभाळून रोज सूर्यनमस्कार घालत, हेही काकांनी साहेबांना ऐकवलं. घालत असतील. राजवाड्यात मोटार कोण लावत होतं, ते काही काका बोलले नाहीत. शिवाय त्या राजांनी १९३९ साली कारभारच रयतेच्या हाती सोपवला. आमचे साहेब एका एक्सेल शीटचा पासवर्ड सोडत नाहीत.

हे सगळं गुरुवारी झालं. शुक्रवारी ऑफिसात लिफ्टमनसुद्धा म्हणाला, "बसा मॅडम." बाईमाणूस घरातली कामं उरकून टेकडीवर दोन मिनिटं टेकली, तर त्याचा पंचनामा होतो. साहेब ट्रेडमिलवर चालताना कॉल घेतात, त्याला मात्र शिस्त म्हणायचं.

फोन ठेवण्यापूर्वी काकांनी साहेबांचा नंबर मागून घेतला. भाचा बी.कॉम. झालाय, घरीच असतो. सोमवारी त्याची मुलाखत झाली, म्हणे. माझं अप्रेझल मार्चपासून अडकलंय.