सच्याचे इअरफोन आणि प्राचीची गॅलरी

काल परत कट्ट्यावर वाजलं आणि कारण काय तर सच्याचे इअरफोन. भाऊ लोकलमध्ये जाता-येता खुनाच्या स्टोऱ्या ऐकतो, त्याही साध्या नाहीत, तुकडे करून फ्रीजमध्ये वगैरे. मंद्या म्हणाला, डोक्यात काहीतरी सडल्याशिवाय माणूस असलं ऐकत नाही.

सच्याचं नेहमीचं उत्तर, कुकरची शिट्टी. वाफ निघून जाते, माणूस शांत होतो. मी सच्याच्याच बाजूचा, पण हे काही पटत नाही. बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये कॉलेजच्या ६०० पोरापोरींच्या निबंधांवर मुद्दाम जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं आणि मग काहींना शेरे मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, तर ती सगळ्यात जास्त भडकलेली निघाली, नुसती गप्प बसलेली बरी. म्हणजे शिट्टी कसली, गॅसच मोठा केला.

मला रोझिनचं पटतं, तो मिरचीवर काम केलेला मानसशास्त्रज्ञ. ठेचा खाताना तोंड आग आग म्हणून बोंबलतं आणि डोक्याला पक्कं माहीत असतं की काही होत नाहीये, मजा त्यातच. खुनाच्या गोष्टीचंही तेच.

"ऐकणं ठीक रे," मंद्या म्हणाला, "पण स्वतःच्या मनात असलं येणं? ती विकृतीच."

प्राची इतका वेळ कटिंग घेऊन गप्प होती. "डिलिव्हरीनंतर दोन महिने मी पिल्लूला घेऊन गॅलरीत गेले नाही. मनात यायचं, आत्ता हात सोडला तर? सोडायचा नव्हता रे, पण यायचंच. कोणाला बोलले नाही, वाटलं बाळाला काढून घेतील माझ्याकडून."

मंद्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी म्हटलं, रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलंय, ओसीडीच्या, म्हणजे नकोसे विचार परत परत छळतात त्या आजाराच्या, पेशंटला येतात तसलेच विचार धडधाकट माणसांनाही येतात. फरक कशात, तर किती वेळा येतात, किती छळतात आणि झटकता येतात का. बहुतेक जण झटकून पुढे जातात, पण "मी अशी आहे का?" म्हणत दाबायला गेलं की तो विचार जास्तच उसळतो.

"मग खरंच खून करणाऱ्याच्या मनात आधी काय येत असेल?" मंद्या सोडेना. मुद्दा बरोबरच होता. पण केनरिक आणि शीट्स या संशोधकांनी १९९३ मध्ये कॉलेजच्या पोरांना विचारलं तर ७३ टक्के मुलगे आणि ६६ टक्के मुलींनी, कधी ना कधी कोणाचा तरी खून मनातल्या मनात केलाय असं कबूल केलं. सगळ्यांनी खरंच केला असता तर वर्गात हजेरी कोणाची घेतली असती? हां, एखाद्याला तो विचार नकोसा न वाटता हवाहवासा वाटायला लागला, कधी-कुठे-कसं करायचं हे ठरवणं सुरू झालं, तर ते प्रकरण वेगळं, तिथे चहा पाजून भागत नाही.

"म्हणजे प्राचीला भीती वाटत होती ते..."

"ते तिला नको होतं म्हणूनच वाटत होती ना."

प्राची म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर निदान गॅलरीत कपडे तरी वाळत घातले असते. दोन महिने सासूबाई घालत होत्या, अजून ऐकवतात."