स्वभावाला धक्का न लावता आत्मविकास

आत्मविकास करायचाच असेल तर पुण्यात करावा. इथे माणूस जन्मभर विकसित होत राहतो आणि स्वभाव जसाच्या तसा राहतो. अट एकच. मानसशास्त्र आणि अध्यात्म अशी दोन्ही खाती चालू ठेवायची आणि एका खात्यावर वसुली आली की रक्कम दुसऱ्यात वळवायची.

समजा, सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरला दिला आणि फ्लॅटच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तुमचं बोलणं तुटलं. समुपदेशक विचारतील, "राग येतो का त्यांचा?" इथे ताबडतोब अध्यात्म काढावं. "छे हो, मी सगळं सोडून दिलंय. ज्याचं त्याचं प्रारब्ध." या 'सगळ्या'त रस्त्याकडची बाल्कनी येत नाही, हे त्यांना सांगत बसू नये. मग विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून यावं. तिथलं आर्य मौन, म्हणजे कुणाशी चकार शब्द न बोलणं, पाळलं की भावाशी धरलेल्या अबोल्यालाही आपोआप दर्जा येतो. शिबिरात पहाटे चारला उठून संवेदना समतेने पाहिल्यात, एवढं पुष्कळ झालं. पार्किंगमध्ये त्याची गाडी आडवी दिसली की कपाळाची जी शीर उडते, ती अभ्यासक्रमाबाहेरची.

जॉन वेलवूड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये या युक्तीला 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असं नाव दिलं. मनातल्या न सुटलेल्या गाठींना हात लावायचा नाही आणि वरून साधनेची शाल पांघरायची, असा त्याचा आशय. गृहस्थ स्वतः बौद्ध साधना करणारे, म्हणजे घरभेदीच. दुर्लक्ष करावं.

आता उलट प्रसंग. सत्संगात महाराज म्हणाले, "अहंकार सोडा, आधी वहिनींची माफी मागा." लगेच मानसशास्त्र. "मागितली असती हो, पण माझी अटॅचमेंट स्टाइल अव्हॉयडंट आहे. शिवाय सध्या मी बाउंड्रीज पाळतोय." या स्टाइल्स म्हणजे जवळच्या माणसाशी जोडलं जाण्याच्या तऱ्हा, आणि अव्हॉयडंट म्हणजे जवळीक टाळणारी. त्यांचा पाया मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्षा-दीड वर्षाच्या बाळांचं निरीक्षण करून घातला. आई खोलीबाहेर गेली की बाळ काय करतं आणि ती परत आली की काय करतं, ते त्यांनी टिपलं. पाहुणे आले की बेडरूममध्ये जाऊन मोबाइल बघणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ते कितपत लागू पडतं, असं कुणी विचारत नाही. रीलमध्ये तर सर्रास चालतं.

दुसऱ्याचं दुखणं असेल तेव्हा मात्र निव्वळ अध्यात्म. भाचा महिनाभर खोलीबाहेर पडत नाही, जेवत नाही, झोपत नाही. "सायकियाट्रिस्ट कशाला? अनुलोम-विलोम कर, निगेटिव्ह विचार सोड," असं त्याला दारातूनच सांगावं. विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल स्पष्ट विचारतात, गंभीर आजार असेल तर शिबिराला येऊ नका असंही सांगतात. साधना शिकवणाऱ्यांना तिची मर्यादा ठाऊक असते. आपण फक्त सल्ला देतो, त्यामुळे आपल्याला ती अडचण नाही. आपला गुडघा धरला की मात्र प्राणायाम सुचवणाऱ्याला हसावं आणि थेट ऑर्थोपेडिक गाठावा.

एक पथ्य तेवढं सांभाळा. "भावाला फोन कधी करताय?" असं समुपदेशकाने विचारलं, तर समुपदेशक बदलावा. महाराजांनी विचारलं, तर महाराज बदलावेत. कोथरूडमध्ये दोन्ही मुबलक आहेत. बायकोने विचारलं, तर आपली ध्यानाची वेळ झालेली असते.