लीज्ड लाईन आपोआप वाटली जात नाही

कोल्हापुरातल्या ऑफिसवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'चार ऑफिसांनी मिळून लीज्ड लाईन घ्या. वन-टू-वन असते, सगळ्यांना आपोआप सारखा वाटा मिळतो, सर्व्हरवर काही सेटिंग लागत नाही. अडकलंच तर स्पीड वाढवा. स्क्विड बसवला की निम्मी लाईन वाचते.' लीज्ड लाईन म्हणजे कंपनीकडून भाड्याने घेतलेली स्वतंत्र इंटरनेट लाईन, आणि स्क्विड म्हणजे मध्ये बसून वेबपानं साठवून ठेवणारा प्रोग्रॅम (प्रॉक्सी). राजारामपुरीतल्या एका इमारतीत अशीच वाटून घेतलेली २० एमबीपीएसची (सेकंदाला २० मेगाबिट) लाईन मी सांभाळतो, म्हणून राहवलं नाही.

वन-टू-वन, म्हणजे दुसऱ्या ग्राहकांत न वाटलेली, खरंच असते, पण कंपनीपासून तुमच्या दारातल्या डब्यापर्यंत (राउटरपर्यंत). डब्याच्या अलीकडे कुणी किती ओढलं, ते कंपनी बघत नाही.

आता सारखा वाटा. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायची नेहमीची पद्धत. तिची वाटणी साधारण कनेक्शनमागे होते, माणसामागे नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका घरचे आठ जण रांगेत उभे राहिले, तर पेला प्रत्येकाला एकच, पण त्या घरात आठ पेले गेले. डाउनलोड मॅनेजर लावणारा गडी हेच करतो, एका फाईलसाठी अनेक कनेक्शनं उघडतो.

'स्पीड वाढवा' हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर ड्रॉइंगचं काम चालतं. ३०० एमबीची फाईल अपलोड व्हायला लागली की दोन मिनिटं लाईन गच्च, आणि खालच्या सीए साहेबांचं जीएसटीचं पान तिथंच गोल गोल फिरत बसायचं. एरवी ६-७ मिलिसेकंद असणारं पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायचा वेळ) ८०० वर. लाईन कमी पडत नव्हती, रांग भलत्या जागी लागत होती. डब्यातला २ एमबीचा बफर (पॅकेटं थांबायची जागा) भरला की २० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात, आणि सीए साहेबांचं एवढंसं पॅकेट त्याच्या शेपटाला. स्पीड दुप्पट केला तर ०.४. बिल मात्र दर महिन्याला.

त्यापेक्षा लिनक्स सर्व्हरवर एचटीबी (वेगाची वाटणी करणारी सोय) लावा आणि एकूण मर्यादा १९ मेगाबिट ठेवा. लाईनपेक्षा मुद्दाम थोडी कमी, म्हणजे रांग आपल्या मशीनमध्ये लागते आणि कुणाला पुढे सोडायचं ते आपण ठरवतो. चारही ऑफिसांना साडेचारची हमी, वर १९ पर्यंत मोकळीक. शेजारचं ऑफिस बंद असलं की त्याचा वाटा बाकीच्यांना. प्रत्येक ऑफिसच्या वाट्याखाली (क्लासखाली) एफक्यू-कोडेल, म्हणजे रांग आखूड ठेवून सगळ्यांना आळीपाळीने सोडणारी सोय. फुकट आहे, २०१२ पासून लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. अपलोड सर्व्हरच्या बाहेरच्या (लाईनकडच्या) नेटवर्क कार्डावर आवळायचं, डाउनलोड आतल्या (ऑफिसांकडच्या) कार्डावर. बाहेरच्या कार्डावर पॅकेट येतं तोवर नॅट (आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणं) होऊन गेलेलं असतं, सगळ्यांचा आयपी पत्ता एकच दिसतो. म्हणून कुणाचं पॅकेट ते आधीच मार्क करून (खूण लावून) ठेवायचं.

स्क्विडचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) चालतं. स्क्विडला बंद पाकीट दिसतं, पत्ता कळतो, आतलं नाही. साठवणार काय, डोंबल? त्याच्या डिले पूलने वेग बांधता येतो, पण प्रॉक्सीतून जाणाऱ्यांचाच.

राहिलं 'सेटिंग लागत नाही'. मेसेज लिहिणाऱ्याने कधीतरी करून पाहिलं असेल आणि फरक पडला नसेल. माझंही तेच झालं होतं. मी मर्यादा '१९ एमबीपीएस' अशी लिहिली. या मर्यादा लावायची लिनक्सची कमांड म्हणजे टीसी. तिच्या भाषेत एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबाइट, आणि एका बाइटात आठ बिट, म्हणजे १५२ मेगाबिट. २० च्या लाईनवर ती मर्यादा लागणार कधी? तिथं 'एमबिट' लिहायचं असतं. ते कळेपर्यंत दोन दिवस मी कंपनीच्या इंजिनिअरशी भांडत होतो.