मॉर्गन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची चासी, म्हणजे गाडीचा खालचा मुख्य सांगाडा, लाकडाची नाही. कधीच नव्हती.

परवा रात्री इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून भाच्याचा फोन आला. जुनी मॉर्गन, 4/4 नावाचं मॉडेल, बघून ठेवली आहे, 1979 ची, शनिवारी पैसे द्यायचे. मी विचारलं, खाली शिरून चासी बघितलीस का? तर म्हणे, “मामा, ती लाकडाची असते, तिला कुठला गंज लागणार?” आणि पुरावा म्हणून मला तोच मेसेज पाठवला, जो महिनाभर आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे.

मेसेज थोडक्यात असा: मॉर्गनची चासी आजही लाकडी, म्हणून गंजत नाही, जुनी गाडी बिनधास्त घ्या. 1936 पासून गाडीत काहीच बदललेलं नाही. इंजिनासकट सगळं एकाच कारखान्यात हाताने बनतं. आणि लाकडामुळे शर्यतीत ही गाडी कधी टिकली नाही.

आधी चासी, कारण इथेच कुणाचा तरी जीव जाईल. मॉर्गनच्या कारखान्यात, म्हणजे इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नला, 1936 च्या पहिल्या चारचाकी गाडीपासून जी चासी वापरली ती पोलादाची. दोन लांब पट्ट्या, आडवा छेद इंग्रजी ‘झेड’सारखा, मधे त्यांना जोडणारे आडवे मेंबर, शिडीसारखी रचना. त्याआधीच्या तीनचाकींची चासीसुद्धा पोलादाचीच. माझ्यावर विश्वास नसेल तर कंपनीचं ऐका. 2019 साली तिने स्वतः जाहीर केलं की 1936 मध्ये आलेली पोलादी चासी 2020 मध्ये बंद होणार. पुढच्या गाड्यांना ॲल्युमिनियमची चासी आली. आधी पोलाद, मग ॲल्युमिनियम. लाकूड यात बसतं कुठे?

बसतं ते बॉडीत. चासीवर ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा चढवतात आणि त्यावर पत्रा ठोकतात. ॲश चिवट असतं, वाकवलं तरी चटकन मोडत नाही. मागच्या चाकावरची कमान करायला त्याच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यात आवळून ठेवतात. हे काम खरंच बघण्यासारखं आहे आणि आजही हातानेच होतं. आपल्याकडे ट्रकची उघडी चासी कारखान्यातून येते आणि बॉडी बिल्डर तिच्यावर फळ्यांची बॉडी बांधतो. त्या ट्रकची चासी लाकडी आहे असं आजवर कुणी म्हटलंय का? मॉर्गनचं तेच आहे.

आता गंजाचं. लाकूड पोलादावर टेकतं तिथे ओल धरून ठेवतं. इंग्लंडचा पाऊस, वर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. वरून रंग चकचकीत, गालिचा नवा, आणि खाली पट्टीचा पापुद्रा सुटलेला, असं सहज होऊ शकतं. पुढे कंपनीने चासीला जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली. लाकडाला जस्त कोण लावतं? गॅरेजमध्ये मी अशा जीप बघितल्या आहेत, ज्यांच्या चासीत स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो, आणि मालक वरच्या पॉलिशवर खूश असतो. चासीलाच पाटे, चासीलाच स्टीअरिंग. ती ब्रेक मारताना सुटली तर वरचं लाकूड काय वाचवणार? ‘गंजत नाही, बिनधास्त घ्या’ हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी गाडीखाली पाठ टेकली असेल असं मला वाटत नाही.

हा गोंधळ आला कुठून याचा मला अंदाज आहे. मार्कोस नावाची दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. तिच्या साठच्या दशकातल्या गाड्यांची चासी खरोखर प्लायवुडची होती, आणि 1969 मध्ये त्यांनीही ती सोडून पोलादी नळ्या घेतल्या. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपली असणार.

‘काहीच बदललं नाही’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. पुढचं सस्पेन्शन कंपनीचे संस्थापक एच. एफ. एस. मॉर्गन यांनी आपल्या पहिल्या तीनचाकीला, 1910 च्या सुमारास, बसवलं आणि तीच कल्पना शंभर वर्षं टिकली. उभ्या पिनवर स्टब ॲक्सल, म्हणजे चाक बसतं तो आखूड दांडा, स्प्रिंगसह वर-खाली सरकतो. त्या पिनांना तेल द्यायला बऱ्याच गाड्यांत पायाने दाबायचं बटण असतं. दाबलं की इंजिनातलं तेल पिनांपर्यंत जातं. विसरलात की पिन आणि बुश झिजले. पण 2000 साली मॉर्गनचंच एरो 8 हे मॉडेल ॲल्युमिनियमच्या चासीवर आलं, आणि आता नव्या गाड्यांत ते सस्पेन्शनही गेलं.

इंजिन मॉर्गनचं? पहिल्या 4/4 ला कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं, पुढे फोर्डचं, प्लस 4 या मॉडेलला ट्रायम्फचं. 1968 च्या प्लस 8 चं रोव्हरचं व्ही 8, आणि त्याचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या ब्यूइकचा.

शर्यतीचं एका ओळीत: 1962 मध्ये फ्रान्समधल्या ल मां च्या 24 तासांच्या शर्यतीत प्लस 4 ने दोन लिटरचा वर्ग जिंकला.

भाच्याला मी सांगितलंय, पैसे थांबव. शनिवारी जॅक, टॉर्च आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. मालक टोचू देत नसेल तर तिथूनच परत फिर. टोचू दिलं तर आडवे मेंबर आणि मागची टोकं आधी बघ, प्रत्येक ठिकाणी थांबून व्हिडिओ कर आणि मला पाठव.